ठिकाण लपवून डोंगर वाचत नाही

पावसाळा तोंडावर आला की सह्याद्रीत भटकणाऱ्यांमध्ये एक सल्ला दरवर्षी नव्यानं फिरू लागतो. फोटो टाका, पण ठिकाणाचं नाव लिहू नका. लोकेशन देऊ नका, कुणी विचारलं तरी सांगू नका. नाव फुटलं की गर्दी होते, गर्दीमागून प्लास्टिक आणि दारूच्या बाटल्या येतात, मग कुणीतरी कड्यावरून पडतं आणि शेवटी प्रशासन सगळ्यांनाच बंदी घालतं, असा त्यामागचा हिशेब. गगनबावडा, राधानगरी, आंबोली या पट्ट्याबद्दल तर हे फार कळकळीनं सांगितलं जातं, कारण लोणावळ्याचं जे झालं ते इथं होऊ नये असं सगळ्यांनाच वाटतं. मलाही वाटतं. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यातले बरेच जण वर्षानुवर्षं डोंगरातला कचरा वेचून खाली आणणारे आहेत. तरीही हा सल्ला चुकीचा आहे. तो निरुपयोगी आहेच, शिवाय ज्या अपघातांची आणि नासधुशीची भीती घालून तो दिला जातो त्यांनाच हातभार लावणारा आहे. सोशल मीडियावरच्या प्रवासाच्या फोटोंत खोट आहे ती फार कमी सांगण्याची. फोटो पोचतो, जागेची माहिती पोचत नाही. अशा वेळी उरलीसुरली माहितीही काढून घ्या म्हणणं म्हणजे ज्यानं दुखणं झालं तेच औषध म्हणून पाजणं.

ज्यांना आज मौन पाळावंसं वाटतं, त्यांना हे डोंगर कुणी दाखवले, हे आधी विचारायला हवं. मराठी माणसाचं डोंगर चढणं छापील कागदावर वाढलं. गो. नी. दांडेकरांनी किल्ल्यांवर भरभरून लिहिलं, ते वाचून पोरं घराबाहेर पडली. प्र. के. घाणेकरांनी गडांची माहिती घरोघरी नेली. आनंद पाळंदे यांची ‘डोंगरयात्रा’ तर वाटाड्याच होती. या लोकांनी नावं लपवली नाहीत. कोणत्या गावातून निघायचं, वाट कुठं फुटते, पाणी कुठं मिळेल, मुक्काम कुठं करावा, हे त्यांनी नावानिशी लिहिलं आणि म्हणूनच त्यांच्या वाचकांना पायाखालची वाट आणि तिचा धोका दोन्ही कळलं. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये अमेरिकेचं प्रवासवृत्त लिहिलं तेव्हाही तिथली शोभा सांगून त्या थांबल्या नाहीत. तिथलं राज्य आणि शाळा कशा चालतात, बायकांची स्थिती कशी आहे तेही सांगितलं. पाहिलेलं दुसऱ्याला सांगणं ही आपल्याकडची जुनी, चांगली सवय आहे. पुस्तकातून मिळालेल्या वाटेवरून स्वतः वर पोचायचं आणि मागून फोन घेऊन येणाऱ्याला मात्र वाट सांगायची नाही, हे न्यायाला धरून नाही. पुस्तक विकत घेऊ शकणाऱ्या, ट्रेकिंगच्या गटात ओळख असणाऱ्या माणसाला ही माहिती कायमच मिळत आली आहे. फोनवर पहिल्यांदा डोंगर पाहणाऱ्या इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराला किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या पोराला ती मिळत नव्हती. ठिकाण लपवण्याचा नियम नेमका त्यालाच लागू होतो.

वाटा लपवण्याची गोष्ट बावड्याच्या इतिहासाला नवी नाही, हेही इथं सांगायला हवं. बावडा, म्हणजे आजचा गगनबावडा, ही रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची जहागीर. त्यांच्या नावावर असलेल्या 1715 सालच्या आज्ञापत्रात गडकोटांबद्दल जे सांगितलं आहे त्यात गडाकडे येणारे मार्ग सोपे ठेवू नयेत, भोवतालची झाडी राखावी, असा स्पष्ट विचार आहे. मोगलांशी दीर्घ युद्ध करून उठलेल्या राज्याला तो शोभून दिसतो. तिथं वर येणारा अनोळखी माणूस शत्रू असण्याचीच शक्यता मोठी होती. आज गगनगडावर येणारा माणूस दर्शनाला येतो, ढग बघायला येतो, बायकापोरांना घेऊन येतो. तो शत्रू असल्यासारखं धोरण आखलं की त्याला वाट चुकवणं हेच धोरणाचं काम होऊन बसतं, आणि वाट चुकलेला माणूस पावसाळ्यात या डोंगरात किती धोक्यात असतो हे इथल्या कुणालाही विचारावं.

कोल्हापूरहून पश्चिमेला साधारण 55 किलोमीटरवर, देश संपून कोकण सुरू होतं त्या धारेवर गगनबावडा आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला मानला जाणारा गगनगड, त्यावरचा गगनगिरी महाराजांचा मठ, वाटेवर ओढ्याच्या काठी एकाच खडकात कोरलेलं पळसंब्याचं रामलिंग, आणि गावापासून कोकणात उतरणारे दोन घाट: करूळचा वैभववाडीकडे, भुईबावड्याचा खारेपाटणच्या बाजूला. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, गगनबावड्यात त्याच्या पाच-सहा पट. हा फरक एका दीड तासाच्या प्रवासातला आहे. रंकाळ्यावर रिमझिम असते तेव्हा बावड्याला झोडपत असतं. आता नेहमीचा फोटो डोळ्यांसमोर आणा: दरीतून वर येणारा पांढराशुभ्र ढग, ओल्या काळ्या डांबराचं वळण, पाठमोरा उभा राहून हात पसरलेला कुणीतरी, आणि खाली ‘स्वर्ग’ किंवा ‘महाराष्ट्रातलं मिनी स्वित्झर्लंड’. फोटो खोटा नसतो. पण तो कोणत्या महिन्यातला, पाऊस थांबल्यावर मिळालेल्या दहा मिनिटांतला की दिवसभर तसाच उजेड होता, गाडी कुठं लावली, त्या वळणावर मागून येणाऱ्या ट्रकला माणूस दिसतो का, यातलं काही तो सांगत नाही. जानेवारी 2024 मध्ये करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद केला गेला आणि वर्षभराहून अधिक काळ वाहतूक दुसऱ्या घाटांनी वळवावी लागली. त्या काळात नुसत्या ढगाचा फोटो बघून निघालेल्या माणसाला घाटाच्या तोंडाशी येईपर्यंत हे कळण्याचा मार्ग नव्हता. घाटाचं नाव फोटोखाली असतं, तर ते नाव टाकून शोधल्यावर पहिली बातमी घाट बंद असल्याचीच आली असती. फोटोखाली नाव असण्याचा हा अगदी साधा उपयोग आहे: त्या नावानं पुढची चौकशी करता येते.

कोल्हापूर-गगनबावडा रस्त्याची दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मुसळधार लागली की कुंभी नदी पात्र सोडते आणि मांडुकली, खोकुर्ले इथं रस्त्यावर पाणी येतं. एसटी बंद होते, मोटारी अडकतात, बावड्याचा कोल्हापूरशी संपर्क तुटतो. असं जवळपास प्रत्येक पावसाळ्यात होतं, कधी एकाच पावसाळ्यात अनेकदा. म्हणजे सकाळी कोरड्या रस्त्यानं वर गेलेला माणूस संध्याकाळी घरी पोचेलच असं नाही. अशा वेळी दुचाकीवर बसलेला विशीतला पोरगा काय करतो? पुढची गाडी गेली म्हणून पाण्यात चाक घालतो. त्याला हे अगोदर कुणी सांगितलं असतं, तर तो दुपारी तीनला परत फिरला असता किंवा त्या दिवशी गेलाच नसता. मांडुकली हे नाव त्याला ठाऊक असणं हीच त्याची सुरक्षा आहे. नावं लपवायला सांगणारा सल्ला ही सुरक्षा काढून घेतो आणि तिला निसर्गरक्षण म्हणतो, ही गोष्ट मला मान्य होत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप मृत्यूंचा. माणगावजवळच्या कुंभे धबधब्याच्या दरीत जुलै 2024 मध्ये व्हिडिओ करायला आलेली एक तरुणी कोसळून गेली. त्याआधी पंधरवडाभर, 30 जूनला, लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. जून 2025 मध्ये तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भारानं कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. या घटना आठवून कुणी म्हणालं की फोटोंनी लोकांना मृत्यूच्या तोंडी नेलं, तर त्याचं दुःख खरं आहे. पण कारण नीट तपासलं पाहिजे. भुशी धरण रेल्वेनं वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलं, आणि त्याच्या पायऱ्यांवर बसून भिजायला जाणं ही मुंबई-पुण्याची रीत स्मार्टफोन येण्याच्या कितीतरी आधीपासूनची. ते ठिकाण कधीच गुपित नव्हतं. तिथं जे ठाऊक नव्हतं ते हे, की वरच्या डोंगरात पाऊस वाढला की घोट्याएवढं पाणी काही मिनिटांत कमरेएवढं होतं आणि मधल्या खडकावर उभ्या असलेल्या माणसाला काठ गाठता येत नाही. कुंडमळ्याचा पूल धोकादायक असल्याची पाटी तिथं होती. पुलावरच्या गर्दीचे जे देखणे फोटो फिरत होते त्यांत पाटी येत नव्हती. सेल्फी घेताना झालेल्या मृत्यूंचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ऑक्टोबर 2011 ते नोव्हेंबर 2017 या काळातले जगभरातले 259 मृत्यू नोंदवले होते. त्यात भारत पहिला होता, आणि मरणाचं सर्वांत मोठं कारण बुडणं हे होतं. बुडणाऱ्याला ठिकाण ठाऊक असतं, तो तिथं उभाच असतो. त्याला पाणी ठाऊक नसतं. म्हणजे कमी होतं ते पाण्याचं ज्ञान, आणि ते ज्यांच्याकडे आहे त्यांनाच आपण गप्प बसायला सांगतो आहोत.

दुसरा आक्षेप गर्दीचा, आणि तो अधिक वजनाचा आहे. एखादी जागा माहीत होणं आणि तिच्यावर सहन न होणारा भार पडणं यात संबंध आहे, हे मी नाकारत नाही. अमेरिकेत वायोमिंगमधल्या जॅक्सन होल इथल्या पर्यटन मंडळानं 2018 मध्ये लोकांना नेमकं लोकेशन टाकू नका असं जाहीर आवाहन केलं, तेही याच भीतीपोटी. पण गर्दीला फोनची गरज लागत नाही, हेही पाहावं. थायलंडच्या माया बे या किनाऱ्यावर लोंढा लोटला तो 2000 साली आलेल्या एका चित्रपटामुळं. शेवटी 2018 मध्ये तो किनारा बंद करावा लागला आणि 2022 मध्ये उघडला तेव्हा बोटींना आत येऊ न देता, माणसांची संख्या ठरवून उघडला. नाव पुसून तो किनारा वाचवता आला नसता. आपल्याकडचं कास त्याहून जवळचं. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं हे पठार आज महाराष्ट्रात कुणाला ठाऊक नाही? फुलांच्या दिवसांत तिथं ऑनलाइन नोंदणी लागते, दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे, शुल्क आहे, आणि हे सगळं भोवतालच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर राबवतात. त्यातही चुका झाल्या. पठाराला घातलेलं लोखंडी कुंपण चराईला आणि जनावरांच्या वावराला अडथळा ठरलं, फुलांना त्याचा फायदा झाला नाही, उलट नुकसान झाल्याची तक्रार आली आणि पुढं ते काढून टाकावं लागलं. पण चूक दिसली, तिच्यावर उघड वाद झाला आणि ती दुरुस्त झाली, ती त्या जागेला नाव आणि धनी दोन्ही होते म्हणून. बिननावाच्या पठारावर काय चाललं आहे हे कुणाच्याच लक्षात येत नाही, आणि तिथं शुल्क कुणी कुणाकडून घ्यायचं हेही ठरत नाही.

गगनबावडा तालुक्यात बोरबेटजवळचं मोरजाईचं पठार असंच आहे. जांभ्याचा सडा, त्यावर देवीचं मंदिर. पावसाळ्यात अशा सड्यावर माती असते ती कुठं बोटभर, कुठं त्याहूनही कमी, आणि तेवढ्या ओल्या थरावर सीतेची आसवं आणि तसल्याच इवल्या वनस्पती उगवून, फुलून, महिना-दोन महिन्यांत संपून जातात. तिथं एक चारचाकी वळवली की चाकाखालचा थर खडकापासून सुटतो. पुढच्या पावसात तिथं नुसतं पाणी साचतं. हे ज्याला कळलं आहे त्यानं पठाराचा फोटो टाकताना पठाराचं नाव गाळावं की गाडी खालीच लावा असं लिहावं? नाव गाळल्यानं गाडी थांबत नाही. फोटोतली झाडं, मंदिर, मागची डोंगररांग यांवरून जागा ओळखणारे दोन दिवसांत ओळखतातच. थांबतं ते फक्त गाडी का नेऊ नये हे सांगणारं वाक्य, कारण ते कोणत्या जागेबद्दल आहे हेच आपण सांगितलेलं नसतं.

लपवाछपवीचा आणखी एक परिणाम आहे, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. ‘गुप्त’ ठिकाण हा आता विकायचा माल झाला आहे. व्हिडिओ टाकायचा, नाव द्यायचं नाही, विचारणाऱ्याला इनबॉक्समध्ये बोलवायचं आणि तिथं पुढच्या शनिवारच्या बॅचचा दर सांगायचा. मौनानं गर्दी कमी झाली नाही, तिच्या तिकिटाचे पैसे एका माणसाच्या खिशात गेले एवढंच. ज्या गावाच्या शिवारातून ती बॅच जाते त्या गावाचं नाव कुठंच येत नाही. मला तर यातला सर्वांत मोठा अन्याय हाच वाटतो. ज्या ओढ्याला व्हिडिओत ‘कुणालाच माहीत नसलेला धबधबा’ म्हणतात तो त्या वाडीला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तिथं जनावरं पाण्यावर जातात, त्याच्या खालच्या अंगाला कुणाची तरी भातखाचरं आहेत. गगनबावडा हा जिल्ह्यातला सर्वांत लहान तालुका. त्याच्याकडे बाहेरच्यांचं लक्ष जातं ते पाऊस मोजताना नाहीतर रस्ता बंद झाल्यावर. अशा तालुक्याच्या डोंगराचा फोटो हजारो लोकांनी पाहायचा आणि गावाचं नाव मात्र ‘जागा वाचवण्यासाठी’ पुसायचं, याला मी संवर्धन म्हणणार नाही. ग्रामपंचायतीला वाहनतळाचं शुल्क घ्यायचं असेल, कचऱ्याचा नियम करायचा असेल, कुणाला आवारात येऊ द्यायचं नसेल, तर लोक कुठून कुठं येतात हे तिला दिसलं पाहिजे आणि येणाऱ्याला आपण कुणाच्या दारात आलो आहोत हे कळलं पाहिजे. मठाच्या आवारात, देवळाच्या गाभाऱ्यात, घरांच्या अंगणात फोटो काढू नये असं तिथल्या लोकांनी सांगितलं तर तो शब्द शेवटचा. पण तो शब्द पुढं पोचवायलाही जागेचं नाव घ्यावंच लागतं.

काही गोष्टी मात्र लपवल्याच पाहिजेत, आणि त्या सांगताना मी हातचं राखून ठेवत नाही. घुबडाची ढोली, गिधाडाचं घरटं, खवल्या मांजराचं बीळ, कंदीलपुष्पाच्या एखाद्या दुर्मीळ जातीची नेमकी जागा, ऑर्किड लागलेलं झाड. इथं नेमकं ठिकाण फुटलं की शिकारी, चोर किंवा अतिउत्साही छायाचित्रकार त्या जिवापर्यंत सरळ पोचतो, आणि त्या जिवाला पळायला जागा नसते. जीवनोंदी ठेवणारं आयनॅचरलिस्टसारखं व्यासपीठ धोक्यातल्या प्रजातींची नोंद नकाशावर मुद्दाम धूसर करतं, ते बरोबरच आहे. पण हा नियम जिवासाठी आहे, देखाव्यासाठी नाही. घाटातल्या ढगाला तो लावायचा तर त्याचं कारण वेगळं द्यावं लागेल, आणि गर्दीत जाणं आवडत नाही यापलीकडे ते कारण मला अजून कुणाकडून मिळालेलं नाही. एकांत हवासा वाटणं चूक नाही. पण तो दुसऱ्याला अंधारात ठेवून मिळवायचा असेल तर त्याला निसर्गप्रेम म्हणू नये.

शेवटचा आक्षेप असा, की माहिती लिहून उपयोग नाही, लोक फोटो बघतात आणि पुढं सरकवतात, वाचत कुणी नाही. हा आक्षेप कोल्हापुरात तरी कुणी घेऊ नये. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे हा आकडा इथं घराघरांतल्या फोनवर तासातासानं फिरतो. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका, हे शाळकरी मुलाला पाठ असतं. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं तेव्हा कोणता रस्ता बंद, कोणत्या बंधाऱ्यावरून जायचं नाही, कोणत्या गल्लीत पाणी शिरलं, हे लोकांनी गावाच्या, पुलाच्या, चौकाच्या नावानिशी एकमेकांना कळवलं. त्यात अफवाही होत्या. पण त्या खोडल्या गेल्या त्याही दुसऱ्या कुणी नेमकं ठिकाण आणि नेमकी वेळ लिहून कळवलं म्हणून. तीच माणसं, तेच फोन, तीच नदी. कुंभीचं पाणी अखेर पंचगंगेतच येतं. पूर आला की ज्यांना नेमकं लिहिता येतं त्यांना सहलीला गेल्यावर लिहिता येत नाही असं मानायला काही आधार नाही. सहलीच्या फोटोकडून आपण ते कधी मागितलं नाही, एवढंच.

म्हणून मागणी अशी: गगनबावड्याचा फोटो टाकणाऱ्यानं जागेचं आणि गावाचं नाव लिहावं. फोटो कोणत्या तारखेचा ते लिहावं, कारण इथं मे महिन्यातला कडा आणि जुलैतला कडा या दोन वेगळ्या जागा आहेत. गाडी कुठं लावली, एसटी मिळाली का, परतताना मांडुकलीला पाणी होतं का, ओढ्यात उतरू नका असं कुणी सांगितलं का, हे दोन-तीन ओळींत लिहावं. आणि टाकलेला फोटो पुढच्या पावसाळ्यातही फिरत असतो हे लक्षात ठेवून त्याखाली कुणी ‘घाट चालू आहे का?’ असं विचारलं तर उत्तर द्यावं. आपल्याला ठाऊक नसेल तर तसं सांगून निघण्याआधी बावड्यात कुणालातरी फोन करायला सांगावं.